दुकानाच्या हिशेबाला लागणारी कीड

गल्ल्याला कुलूप, शटरला दोन कुलुपे, गोदामावर रखवालदार आणि मालाचा विमा, इतकी खबरदारी घेणारा आमचा व्यापारी ज्या संगणकात त्याची सारी उधारी, सारी बिले आणि जीएसटीचा सारा हिशेब साठवलेला असतो, तो संगणक मात्र वाऱ्यावर सोडून घरी जातो. विचारले तर उत्तर ठरलेले असते. "आमच्यासारख्या लहान दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये चोराला काय मिळणार?" हा समज किती महागात पडतो ते आम्ही जवळून पाहिले आहे, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

खानदेशातील एका तालुक्याच्या गावी आमच्या परिचयाचे एक कापड व्यापारी आहेत. दुकान वडिलांच्या काळापासूनचे, ठोक आणि किरकोळ दोन्ही चालते. २०२३ सालच्या रमजानची गोष्ट. ईद आठवड्यावर आलेली, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि सकाळी संगणक सुरू केला तर टॅली उघडेना. प्रत्येक फाईलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरे चिकटलेली. बिलांची फाईल असो, मुलीच्या लग्नाचे फोटो असोत, एकही उघडत नव्हते. पडद्यावर मात्र एक साधी चिठ्ठी होती आणि ती व्यवस्थित उघडत होती. तुमच्या फाईलींना आम्ही कुलूप लावले आहे, किल्ली हवी असेल तर ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत संपर्क साधला तर ४९० डॉलरमध्ये काम होईल, असा तिचा मजकूर. म्हणजे सुमारे चाळीस हजार रुपये, आणि तेही बिटकॉइनमध्ये.

त्यांनी आम्हाला फोन केला तेव्हा आम्ही पहिला प्रश्न विचारला, नक्कल कोठे आहे? ते म्हणाले, दोन ठिकाणी आहे. एक त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हवर आणि दुसरी पेन ड्राइव्हवर. हा पेन ड्राइव्ह दोन वर्षे संगणकाच्या मागे खोचलेलाच होता. अर्थात दोन्ही नकला कुलूपबंद झाल्या होत्या. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीच्याच खिळ्याला अडकवून ठेवावी, तसा हा प्रकार.

कीड आली कोठून, हेही दुपारपर्यंत कळले. ईदच्या सेलचा फलक तयार करण्यासाठी पुतण्याने आदल्या रात्री फोटोचे एक महागडे सॉफ्टवेअर 'क्रॅक' म्हणून फुकटात उतरवून घेतले होते. सोबत आलेल्या सूचनांत पहिली सूचना होती, आधी अँटिव्हायरस बंद करा. मुलाने तो बंद केला. जो पाहुणा दारातूनच सांगतो की आधी रखवालदाराला झोपवा मग मी आत येतो, त्याला घरात घेण्याची ही आमची सवय कधी सुटणार कोण जाणे! चोरीचे सॉफ्टवेअर वापरणे गैर आहेच, पण ज्यांना ही गोष्ट पटत नाही त्यांनी निदान व्यवहाराच्या हिशेबाने तरी पाहावे. चाळीस हजारांची ही कीड त्यांनी आपल्या हाताने आणि फुकटात विकत घेतली होती.

खंडणी त्यांनी दिली नाही. मग हिशेब कसा उभा राहिला? चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात मागील वर्षाच्या लेखापरीक्षणासाठी सप्टेंबरमध्ये नेलेली टॅलीची प्रत होती. ऑक्टोबरपासूनची खरेदी जीएसटीच्या संकेतस्थळावरील जीएसटीआर-२बी मधून मिळाली, कारण ती माहिती माल पुरवणाऱ्यांनी भरलेली असते. जीएसटी क्रमांक असलेल्या दुकानदारांना विकलेल्या मालाची बिले आपण स्वतः भरलेल्या जीएसटीआर-१ मधून मिळाली. बँकेचे उतारे आले. सहा महिन्यांचा कागदोपत्री धंदा असा परत जुळवता आला, त्याला दोन माणसे आणि पाच आठवडे लागले.

जे परत आले नाही ते किरकोळ गिऱ्हाइकांची उधारी. ती सरकारच्या संकेतस्थळावर कोठून असणार? तेथे किरकोळ विक्रीची एकत्रित रक्कम जाते, कोणाकडे किती बाकी हे जात नाही. सुमारे सव्वातीन लाखांची येणी केवळ त्या संगणकात होती. दुकानातील जुन्या दिवाणजींनी आपल्या समाधानासाठी एक कच्ची वही ठेवली होती, त्यातून काही नावे निघाली. बरेच गिऱ्हाईक स्वतः येऊन आपला आकडा सांगून गेले. काहींनी मात्र तोंडावर विचारले, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये दाखवा!" त्या वर्षीच्या ईदचा नफा त्या एका वाक्यात गेला, असे ते आजही सांगतात.

लाहोरच्या दुकानापासून

व्हायरस म्हणजे संगणकाचा आजार नव्हे, तो माणसाने लिहिलेला प्रोग्रामच असतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. दुसऱ्याच्या फाईलला चिकटून पसरतो तो व्हायरस, जाळ्यातून आपले आपण सरपटत जातो तो वर्म, आणि उपयोगी वस्तूचा वेष घेऊन येतो तो ट्रोजन. दुकानदाराला या जातींशी फारसे कर्तव्य नाही, बोलीभाषेत सारे व्हायरसच.

आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकांवर जगभर पसरलेला पहिला व्हायरस एका दुकानातूनच निघाला, ही गोष्ट व्यापाराच्या पानावर सांगण्यासारखी आहे. १९८६ साली लाहोरमध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोन भाऊ संगणकाचा व्यवसाय करीत होते. आपण लिहिलेल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरून नकला होतात, त्या पकडण्यासाठी आपण हा प्रोग्राम लिहिला असे त्यांचे म्हणणे. त्याचे नाव 'ब्रेन', आणि त्यात त्यांनी आपले नाव, दुकानाचा पत्ता आणि टेलिफोन नंबरही घातला होता! फ्लॉपीवरून फ्लॉपीवर चढत तो अमेरिकेतील विद्यापीठांपर्यंत पोहोचला. आजच्या खंडणीखोराने आपला फोन नंबर देण्याइतके भोळेपण दाखविले असते तर पोलिसांचे काम किती सोपे झाले असते!

पुढे मायकेलअँजेलो नावाचा व्हायरस आला. तो ६ मार्चला जागा होऊन हार्ड डिस्कवरील माहिती पुसून टाकीत असे, आणि १९९२ साली त्याने जगभर घबराट उडवली. आमच्या महाराष्ट्रात याच सुमारास एक धंदा उभा राहत होता. साताऱ्याकडचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि यंत्रे दुरुस्त करीत होते. दुरुस्तीला येणारे संगणक बिघडलेले नसून व्हायरसने ग्रासलेले असतात हे त्यांच्या लक्षात आले, आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहायला घेतला. त्यातूनच 'क्विक हील' निघाले, आणि २०१६ साली त्या कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले. दुरुस्तीच्या बाकावरून एवढा उद्योग उभा राहतो, हे आमच्या तरुणांनी पाहण्यासारखे आहे. असो.

त्या काळचा व्हायरस खोडकर होता, नाव कमावण्यासाठी लिहिलेला. आजचा व्हायरस पैसे कमावण्यासाठी लिहिलेला असतो. म्हणूनच लहान दुकान सुटते हा समज चुकीचा आहे. कुलूप लावणारा प्रोग्राम दुकान मोठे की छोटे ते पाहत नाही, दार उघडे आहे एवढेच पाहतो. त्या कापड दुकानातील माहितीचा चोराला काही उपयोग नव्हता. उपयोग दुकानदारालाच होता, आणि नेमकी त्याचीच किंमत मागितली गेली.

ओळखावे कसे?

संगणक मंद चालतो म्हणून व्हायरस आहे असे दहापैकी दहा जण म्हणतात. आमचा अनुभव असा की, मंदपणाचे कारण बहुधा जुनी हार्ड डिस्क किंवा अपुरी मेमरी असते. खऱ्या खुणा वेगळ्या. अँटिव्हायरस आपोआप बंद पडलेला दिसणे आणि पुन्हा सुरू न होणे, ही सर्वांत वाईट खूण. ब्राउझर उघडताच अनोळखी पान येणे, न मागता जाहिराती उसळणे, आपल्या ईमेलवरून आपण न पाठविलेली पत्रे लोकांना जाणे, हात न लावता माऊसचा बाण हलणे, या दुसऱ्या. फाईलींची नावे बदलू लागली तर मात्र विचार करीत बसू नये, तत्क्षणी इंटरनेटची तार काढावी, वाय-फाय बंद करावे आणि जोडलेली प्रत्येक डिस्क उपटावी. कुलूप लावण्याचे काम एका क्षणात होत नाही, फाईलमागून फाईल चालते. जेवढ्या लवकर तार निघेल तेवढ्या फाईली वाचतात.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह हा आपल्याकडचा जुना रोग. ड्राइव्ह उघडला की सारे फोल्डर दिसतात, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटासा बाण असतो आणि आकार एक-दोन केबी दाखवतो. तो फोल्डर नव्हे, सापळा आहे. त्यावर दोनदा टिचकी मारली की कीड आपल्या संगणकात उतरते. मूळ फाईली बहुधा गेलेल्या नसतात, केवळ लपवलेल्या असतात. तेव्हा घाबरून ड्राइव्ह फॉरमॅट करू नये, आधी अँटिव्हायरसने तपासून घ्यावा, मग जाणकाराकडून लपलेल्या फाईली उघड्या करून घ्याव्यात.

आणखी एक खूण आपण स्वतःच झाकून ठेवलेली असते. विंडोज फाईलच्या नावाचे शेवटचे अक्षरगट मुळात दाखवतच नाही. त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाईल पडद्यावर 'बिल डॉट पीडीएफ' अशी साळसूद दिसते. फाईल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू' या ठिकाणी जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करावे, एका मिनिटाचे काम आहे. ज्या बिलाच्या शेवटी ईएक्सई, जेएस किंवा व्हीबीएस असेल ते बिल नव्हे. वर्ड किंवा एक्सेलची फाईल उघडताच 'मॅक्रो सुरू करा' असे म्हणू लागली तर ज्याने पाठविली त्याला फोन करून विचारावे. पाठवणारा ओळखीचा असला तरी विचारावे, कारण त्याच्याच संगणकाला कीड लागलेली असू शकते.

लग्नपत्रिका नव्हे ती

आता निम्मा धंदा मोबाईलवर आला आहे आणि चोरही तेथे आला आहे. २०२४ पासून व्हॉट्सॲपवर लग्नाचे निमंत्रण म्हणून एक फाईल फिरू लागली. तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट एपीके' असते. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, फोटो नव्हे, पीडीएफही नव्हे, तर ते फोनमध्ये बसवायचे ॲप असते. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतील एका सरकारी कर्मचाऱ्याने असे निमंत्रण उघडले आणि त्याच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. हीच फाईल कधी वाहनाच्या चलानच्या नावाने येते, कधी बँकेच्या केवायसीच्या नावाने.

ॲप बसवताना फोन अडवतो आणि 'अनोळखी ठिकाणाहून बसवू का?' असे विचारतो. तेथेच थांबावे. पुढे ते एसएमएस वाचण्याची किंवा 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागते. ती मिळाली की बँकेचा ओटीपी आपल्या आधी चोराला दिसतो. चूक होऊनच गेली असेल तर फोन एरोप्लेन मोडवर टाकावा, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खाते आणि यूपीआय बंद करवावे आणि लगेच १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असते, ती वाटेत गोठवता येते, पण त्याला वेळेचे बंधन आहे. घरच्यांना कळले तर काय म्हणतील म्हणून दोन दिवस गप्प बसणारे आम्ही पाहिले आहेत. लेखी तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर होते.

मोठ्यांचीही तीच गत

लहान दुकानदाराला कमीपणा वाटू नये म्हणून मोठ्यांची एक गोष्ट सांगतो. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाची कीड युक्रेनमधून निघाली. ती शिरली कशातून, तर तेथील कंपन्या कर आणि हिशेबासाठी वापरत असलेल्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्या एका वाटेने ती मर्स्क या जगातील प्रचंड जहाज कंपनीत घुसली आणि त्याच दिवशी आमच्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. कंपनीला सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर.

या प्रकरणातील दोन गोष्टी आम्हाला महत्त्वाच्या वाटतात. ज्या भगदाडातून ही कीड एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरली, त्यातील एक मोठे भगदाड बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने त्याच भगदाडातून दीडशेवर देशांत धुमाकूळ घातला, तरी जूनपर्यंत अनेकांनी ती बसवलीच नव्हती. विंडोजचे अपडेट आले की 'नंतर' असे दाबणाऱ्यांनी हे वाचावे. दुसरी गोष्ट अशी की मर्स्कच्या जाळ्याचा मूळ नकाशा सांभाळणारे सारे सर्व्हर गेले, एक वाचला, आणि तो होता आफ्रिकेतील घाना देशात. का वाचला? हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती आणि तो जाळ्यातून तुटलेला होता! लोडशेडिंगने कोणाचे भले केल्याचे आमच्या ऐकिवातील हे एकमेव उदाहरण. ती डिस्क माणसाच्या हाती देऊन विमानाने आणावी लागली.

म्हणजे कोट्यवधींच्या कंपनीला अखेर वाचवले ते तारेला न जोडलेल्या एका प्रतीने. आमच्या कापड व्यापाऱ्याकडे नेमकी तीच नव्हती.

प्रत वेगळी, जागा वेगळी

आता खर्चाचे बोलू. विंडोज ११ सोबत येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस फुकट असतो आणि साध्या दुकानाला तो चालतो, मात्र तो सुरू आहे ना हे पाहावे. विकतचा घ्यायचा तर एकच घ्यावा, दोन एकमेकांशी भांडतात. विंडोज ७ च्या सुरक्षा सुधारणा जानेवारी २०२० मध्ये बंद झाल्या, विंडोज १० च्या नेहमीच्या सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. त्यावर हिशेब चालवणाऱ्यांनी संगणक बदलण्याची तरतूद करावी. रोजचे काम ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यावरून न करता साध्या खात्यावरून करावे. अकाउंटंट घरून काम करतो म्हणून रिमोट डेस्कटॉप उघडा ठेवण्याची पद्धत टाळेबंदीच्या काळात सुरू झाली आणि तशीच राहिली. त्याला दुकानाच्या नावाचाच पासवर्ड असेल तर आजच बंद करावा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडूनही संगणक आणि मोबाईल साफ करण्याची साधने मोफत मिळतात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

पण हे सारे करूनही कीड लागू शकते, म्हणून खरा भर नकलेवर द्यावा. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. व्हायरसने खाल्ले ही सबब अधिकाऱ्यापुढे चालवून पाहण्याची आमची तरी हिंमत नाही. जाणकार तीन प्रती ठेवा म्हणतात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुकानाबाहेर. दुकानदारापुरते याचे भाषांतर असे की, एक प्रत संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक घरी किंवा इंटरनेटवर. डिस्क नक्कल होईपर्यंतच जोडायची, काम झाले की काढून ठेवायची. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, येथे कुलूप लागलेली फाईल तेथेही तशीच चढते. जुनी आवृत्ती परत मागता येते, पण ती काही दिवसांपुरतीच.

खंडणी द्यावी का, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. देऊ नये. नॉटपेट्याने पैसे मागितले होते, पण किल्ली देण्याची सोयच त्यात नव्हती, ज्यांनी भरले त्यांचे गेले. काही कुलुपांच्या किल्ल्या मात्र जाणकारांनी शोधून काढल्या आहेत आणि त्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर मोफत मिळतात. युरोपोल आणि डच पोलिसांनी काही अँटिव्हायरस कंपन्यांसह २०१६ साली ते सुरू केले. म्हणून कुलूपबंद फाईली आणि ती चिठ्ठी पुसून टाकू नये, एका डिस्कवर काढून ठेवावी. आज नाही तर वर्षाने किल्ली निघू शकते. आमच्या व्यापाऱ्यांच्या फाईलींची अजून निघालेली नाही, डिस्क त्यांनी ठेवली आहे.

त्यांच्याकडे आता दोन हार्ड डिस्क आहेत, एकीवर हिरवी चिठ्ठी, दुसरीवर लाल. एक आठवडा ही, एक आठवडा ती, आणि जी कामात नसेल ती घरच्या कपाटात घराच्या कागदपत्रांशेजारी. एकदा त्यांनी सहज म्हणून लाल डिस्कवरचा हिशेब पुतण्याच्या लॅपटॉपवर उतरवून पाहिला, तर तीन महिन्यांपासूनची नोंदच नव्हती. टॅलीचे फोल्डर दुसरीकडे हलवले होते आणि नक्कल मात्र जुन्याच रिकाम्या जागेची होत होती. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुकान बंद झाल्यावर काका-पुतणे डिस्कवरचा हिशेब लॅपटॉपवर उघडतात, आणि शेवटच्या बिलाचा नंबर दिवाणजींच्या वहीशी ताडून पाहतात. वही चालूच आहे.